क्रोम कोरं, फायरफॉक्स चुकीचं : एका सोयाबीन खरेदी केंद्रातलं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या औसा-निलंगा पट्ट्यात एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. कंपनीचं, गावांचं आणि माणसांचं नाव इथं गाळलं आहे. कंपनी सभासदांचा सोयाबीन, तूर आणि हरभरा घेते. खरिपात तिची दोन खरेदी केंद्रं चालतात. मोठं केंद्र गोदामाला लागून आहे आणि छोटं हमरस्त्यावरच्या भाड्याच्या गाळ्यात.

मालाचा प्रवास दोन्हीकडे सारखाच. ट्रॅक्टर किंवा टेम्पो आला की टोकन मिळतं, मापाडी कट्टे काट्यावर घेतो, मूठभर दाणे ओलावा मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरमध्ये जातात, आकडा आधी कागदी वहीत उतरतो आणि मग कॉम्प्युटरवर हिशोबपट्टी निघते. मॉइश्चर १२ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण वजन धरायचं, त्यापुढे जितके टक्के जास्त तितके टक्के वजनात कपात, असा कंपनीचा नियम. हमीभावाच्या खरेदीतही सोयाबीनला एरवी १२ टक्के हीच मर्यादा असते, त्यामुळे हा आकडा शेतकऱ्याला तोंडपाठ असतो.

हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर पुण्याच्या एका लहान फर्मने बनवलेलं, ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोम-फायरफॉक्ससारख्या इंटरनेटची पानं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालणारं. लॉगिनच्या पानावर खाली बारीक अक्षरांत ओळ होती : ‘गूगल क्रोममध्येच वापरावे.’

मोठ्या केंद्रावरचा कॉम्प्युटर विंडोज ७ वर होता. ‘अजून विंडोज ७? बदला की!’ असं म्हणणं सोपं आहे. पण त्या केंद्राचा काटा सिरियल केबलने या कॉम्प्युटरला जोडलेला होता आणि काट्यावरचं वजन वाचणारं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नव्हतं. काटा चांगला होता, दरवर्षी त्याची तपासणी होऊन शिक्का बसत होता. चालता काटा केवळ कॉम्प्युटरसाठी बदलायचा खर्च संचालक मंडळाने दोनदा पुढे ढकलला होता. छोट्या केंद्रावर विंडोज १० चा लॅपटॉप होता आणि तिथं वजन डोळ्यांनी वाचून हाताने भरत. मुख्य कार्यालयात नवी मशीन होती, विंडोज ११ ची.

मी लातूरला संस्थांच्या कॉम्प्युटर-नेटवर्कची कामं करतो. प्रकरण चिघळल्यावर कंपनीच्या मॅनेजरांनी मला बोलावलं.

काय बिघडलं

२०२४ चा हंगाम. घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारी रात्री फर्मने सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन चढवलं. सोमवारी सकाळी मोठ्या केंद्रावरच्या ऑपरेटरने क्रोम उघडलं. लॉगिन झालं, वरची हिरवी पट्टी दिसली आणि तिच्याखाली पांढरं पान. पुन्हा उघडलं, पुन्हा पांढरं. बाहेर ट्रॅक्टरची रांग, आभाळ भरून आलेलं आणि ट्रॉल्यांवर ताडपत्र्या ओढायची घाई चाललेली.

फर्मला फोन केल्यावर उत्तर आलं, “आमच्याकडे व्यवस्थित चालतंय, तुम्ही क्रोम अपडेट करा.” क्रोम अपडेट होत नव्हतं. पुढचे अपडेट हवे असतील तर विंडोज १० किंवा त्यापुढचं लागेल, असा संदेश ते दाखवत होतं.

ऑपरेटर बीसीएस झालेला, हुशार पोरगा. त्याने त्याच मशीनवर पडून असलेलं फायरफॉक्स उघडलं. यादी आली, फॉर्म आला, पट्टी छापली गेली. दहा मिनिटांत रांग हलली. त्याने मॅनेजरांना कळवलं आणि मॅनेजरांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की मोठ्या केंद्रावर आजपासून फायरफॉक्स वापरावे.

या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच. दारात ओला होऊ पाहणारा माल असताना ‘जे चालतंय त्यावर चालवा’ हे म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. फक्त त्या दिवशी एक पट्टी वहीशी ताडून बघायला हवी होती, आणि ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही. कोरं पान गेलं, भरलेलं पान आलं, म्हणजे दुरुस्ती झाली असं सगळ्यांनी धरलं.

दोन भाऊ, दोन पट्ट्या

चूक कॉम्प्युटरवाल्या माणसाने पकडली नाही. ती दोन भावांनी पकडली. त्यांची शेतं बांधाला बांध लावून, सोयाबीन एकाच मळणीयंत्रातून एकाच दिवशी निघालेला. थोरल्याने माल छोट्या केंद्रावर घातला, धाकट्याने मोठ्या. दोघांचाही चोवीस क्विंटल, दोघांचंही मॉइश्चर साडेचौदा. थोरल्याच्या पट्टीत साठ किलो कपात. धाकट्याच्या पट्टीत कपातीची ओळच नाही.

साठ किलो म्हणजे, क्विंटलला ४,३०० रुपये दर धरला तर, २,५८० रुपये. थोरला दोन्ही पट्ट्या घेऊन मुख्य कार्यालयात आला आणि टेबलावर शेजारी-शेजारी मांडून म्हणाला, “एकाच रानातला माल हाय. मग काटा खोटा का माणूस खोटा, तेवढं सांगा.”

हिशेब बघणाऱ्या ताईंनी मोठ्या केंद्राची कागदी वही मागवली. वहीत मॉइश्चरचे आकडे नीट होते : तेरा, साडेतेरा, चौदा, साडेचौदा. कॉम्प्युटरमध्येही तेच आकडे होते. फक्त नवं व्हर्जन चढल्यापासून निघालेल्या एकाही पट्टीत कपात नव्हती. साठ-सत्तर पट्ट्या असतील.

आणि मग व्हायचं तेच झालं. बोट ऑपरेटरकडे वळलं. त्याच्या गावच्या लोकांची कपात सोडली, त्यासाठीच त्याने ‘दुसरा ब्राउझर’ काढला, अशी कुजबुज एका संचालकांपर्यंत गेली. दुसऱ्या दिवसापासून त्याला केंद्रावर येऊ नको म्हणून सांगायचं, इथपर्यंत गोष्ट आली होती. मॅनेजरांनी ते थांबवलं. “आधी कारण कळू द्या, मग माणसाचं बघू,” असं ते म्हणाले. सगळ्या प्रकरणात मला सर्वात मोलाचा वाटतो तो हा निर्णय. ब्राउझर नंतरही दुरुस्त झाला असता. त्या पोराचं गावातलं नाव मात्र परत मिळालं नसतं.

प्रत्येकाचं मत

मी पोचलो तेव्हा कार्यालयात प्रत्येकाचं निदान तयार होतं आणि ते निदान म्हणजे एका ब्राउझरचं नाव होतं.

ताई क्रोमच्या बाजूच्या. त्यांच्या मशीनवर क्रोममध्ये सगळं बरोबर दिसत होतं, तेव्हा फायरफॉक्सनेच घोळ केला असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे आणखी एक पुरावा होता. मासिक अहवालाच्या पानावर महिना निवडायची चौकट फायरफॉक्समध्ये साधी लिहायची चौकट होते, कॅलेंडर येतच नाही. हे खरं होतं, अगदी नव्या फायरफॉक्सवर बघितलं तरी खरं होतं. महिना निवडण्याची ती सोय डेस्कटॉपच्या फायरफॉक्सने तोवर दिलेली नव्हती.

ऑपरेटर फायरफॉक्सच्या बाजूचा. “सर, क्रोमवर पानच येईना गेलंय, अन् ह्यात सगळं चालूलालंय की हो. चार जीबीच्या मशीनवर क्रोम लई जड पडतं.” तोही त्याच्या जागी खरा होता.

एक जुने संचालक इंटरनेट एक्सप्लोररच्या काळातले. ई-टेंडरच्या साइट फक्त एक्सप्लोररमध्ये उघडायच्या, जावा आणि सुरक्षेच्या सेटिंग हव्या तशा करून द्याव्या लागायच्या, हे त्यांनी भोगलेलं. त्यांचा सल्ला : “एज टाका. मायक्रोसॉफ्टचं काम मायक्रोसॉफ्टवरच नीट होतं.” आणखी एक संचालक संभाजीनगरला असतात, त्यांच्याकडे आयफोन. त्यांच्या फोनवर पट्टीची पीडीएफ उघडत नव्हती. त्यांनी सफारी सोडून क्रोम टाकून बघितलं, तरी नाही. म्हणून त्यांचं मत, सॉफ्टवेअरच टाकाऊ.

आणि फर्म फोनवर सांगत होती, “फायरफॉक्स आता वापरतंय कोण?”

यातला कुणीही खोटं बोलत नव्हता. प्रत्येकाने आपल्या पडद्यावर जे दिसलं ते सांगितलं. पण ‘कोणता ब्राउझर चांगला’ या वादात तीन दिवस गेले आणि त्या तीन दिवसांत मोठ्या केंद्रावर आणखी पट्ट्या निघत राहिल्या. ब्राउझरचं कोणतं व्हर्जन आहे, हे मात्र कुणीच कुणाला विचारलं नव्हतं.

तपास

मी पहिल्यांदा प्रत्येक मशीनवर ब्राउझरचं ‘अबाउट’ पान उघडून व्हर्जन कागदावर उतरवलं. मोठ्या केंद्रावर क्रोम १०९ आणि फायरफॉक्स ११५ निघालं. बाकी सगळीकडे ताजी व्हर्जन.

इथंच निम्मं कोडं सुटलं. विंडोज ७ चा आधार, म्हणजे तिला दुरुस्त्या आणि अपडेट देणं, मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला थांबवला. त्यानंतरही क्रोमने तीन वर्षं त्याला साथ दिली, पण जानेवारी २०२३ चं १०९ हे विंडोज ७ वर चालणारं शेवटचं क्रोम. एजचंही तसंच. २०२० च्या जानेवारीपासून एज क्रोमच्याच इंजिनावर (पान वाचून दाखवणाऱ्या आतल्या भागावर) चालतं आणि विंडोज ७ वर तेही १०९ लाच थांबलं. फायरफॉक्सचं शेवटचं ११५, जुलै २०२३ चं. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुढेही मिळत राहिल्या, पण नव्या सोयी मिळाल्या नाहीत. म्हणजे भांडणारे दोन्ही ब्राउझर त्या मशीनवर जुनेच होते. फरक इतकाच की ते वेगवेगळ्या तारखांना थांबले होते.

मग एफ १२ दाबून कन्सोल, म्हणजे पानातल्या चुका दाखवणारी ब्राउझरची खिडकी, बघितलं. क्रोममध्ये लाल ओळ होती : ‘टूसॉर्टेड इज नॉट अ फंक्शन.’ आजच्या टोकनांची यादी क्रमाने लावायला फर्मच्या डेव्हलपरने जावास्क्रिप्टची, म्हणजे ब्राउझरला काम सांगणाऱ्या भाषेची, टूसॉर्टेड ही नवी सोय वापरली होती. ती क्रोममध्ये ११० पासून आली. त्या मशीनवर १०९. एका व्हर्जनने हुकलं! फायरफॉक्समध्ये तीच सोय ११५ मध्ये आली, म्हणजे विंडोज ७ वरच्या शेवटच्या फायरफॉक्सला ती मिळाली. जावास्क्रिप्टला न कळणारी आज्ञा आली की त्या ठिकाणी काम थांबतं, आणि इथं यादी लावता-लावताच थांबल्यामुळे पान कोरं राहिलं.

कपातीचं कारण वेगळं निघालं. जुन्या फॉर्ममध्ये कपातीची चौकट कायम दिसायची. नव्या फॉर्ममध्ये ती लपवली होती. ‘मॉइश्चर मर्यादेबाहेर’ या ओळीवर टिक केली की चौकट उघडणार आणि ऑपरेटर तिच्यात टक्के भरणार. हे उघडणं-मिटणं सीएसएसमधल्या (पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या भाषेतल्या) हॅज नावाच्या सिलेक्टरवर, म्हणजे नियम पानात कुठं लागू व्हायचा ते सांगणाऱ्या खुणेवर, टाकलं होतं. हा सिलेक्टर सफारीने मार्च २०२२ मध्ये, क्रोमने ऑगस्ट २०२२ मध्ये १०५ व्या व्हर्जनला आणि फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ मध्ये १२१ व्या व्हर्जनला दिला. ११५ ला तो कळत नाही. आणि सीएसएसचा स्वभाव जावास्क्रिप्टच्या उलट आहे. न कळलेला नियम ते मुकाट सोडून देतं. लाल ओळ नाही, कोरं पान नाही, काहीच नाही. टिक होते, चौकट मात्र उघडत नाही.

मी ऑपरेटरला शेजारी बसवून एक खोटी पट्टी भरायला लावली. त्याने साडेचौदा लिहिलं, टिक केली आणि थेट पुढच्या बटणावर गेला. विचारलं, कपात का भरली नाहीस? तो म्हणाला, “नवीन व्हर्जन आलं ना सर. मला वाटलं टिक मारली की आता कपात आपोआप धरतंय.” त्याने कधी उघडलेली चौकट बघितलेलीच नव्हती. कपात शून्य असली की पट्टीवर ती ओळ छापायचीच नाही, असंही त्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवलेलं, त्यामुळे छापील पट्टीत काही राहून गेलंय असं दिसतही नव्हतं.

म्हणून मी म्हणतो, त्या आठवड्यात क्रोमने कंपनीवर उपकार केले. ते सरळ बंद पडलं आणि सगळ्यांना कळलं. फायरफॉक्स हसतमुखाने चालत राहिलं आणि चुकत राहिलं. याचा अर्थ फायरफॉक्स हलकं असा नाही. याद्या टूसॉर्टेडऐवजी दुसऱ्या सोयीने लावल्या असत्या आणि चौकट दुसऱ्या पद्धतीने लपवली असती, तर पारडं सहज उलटलं असतं.

आयफोनचं दुखणं स्वतंत्र होतं. आयफोनवर भारतात कोणताही ब्राउझर टाकला तरी आत इंजिन सफारीचंच, वेबकिट. ॲपलचा तसा नियमच आहे. तेव्हा संचालकांनी क्रोम टाकून बघितलं म्हणजे दुसऱ्यांदा सफारीच बघितली. पीडीएफ सर्व्हरवरून (सॉफ्टवेअरच्या मुख्य कॉम्प्युटरवरून) आल्यावर मग नवी खिडकी उघडायची, असं फर्मने लिहिलं होतं. बोटाचा स्पर्श होऊन गेल्यानंतर उशिरा उघडणारी खिडकी वेबकिट पॉपअप समजून अडवतं. बटणाजागी साधी लिंक दिली आणि विषय संपला.

कोणते पर्याय होते

सर्वात झटपट मार्ग ऑपरेटरनेच सुचवला. क्रोम १०९ ला हॅज कळतं. फक्त यादीचं पान कोरं येतं. मग यादी फायरफॉक्समध्ये बघायची आणि पट्टीच्या फॉर्मचा पत्ता क्रोममध्ये बुकमार्क करून तिथं भरायची. मी करून बघितलं, चाललं. तरी आम्ही तो मार्ग घेतला नाही. संध्याकाळी सात वाजता, दिवे जात-येत असताना, बदलीवर आलेला माणूस कोणत्या खिडकीत काय भरेल याचा भरवसा नव्हता, आणि चुकीच्या खिडकीत भरलेली पट्टी तितकीच नीटनेटकी छापली जाणार होती.

फायरफॉक्स ११५ मध्ये हॅज चालू करण्याची एक आडवळणाची सेटिंग आहे. ती वापरा, असं फर्मने सुचवलं. पण ती अर्धवट, चाचणीसाठी ठेवलेली सोय होती. पैशाचा हिशेब तिच्यावर टाकायला मी नको म्हणालो. विंडोज ७ वर चालणारे अनधिकृत क्रोमसारखे ब्राउझरही मिळतात. ऑपरेटरने एक उतरवूनही ठेवला होता. सभासदांचे बँक खाते क्रमांक ज्या पानावर आहेत तिथं असा ब्राउझर नको, यावर वाद झाला नाही.

जुनं व्हर्जन परत चढवणं हा सरळ उपाय वाटत होता. पण नव्या व्हर्जनबरोबर फर्मने डेटाबेसची मांडणीही बदलली होती. मागे जायचं तर मधल्या दिवसांच्या नोंदी हाताने परत भराव्या लागल्या असत्या. फर्मने आदल्या शनिवारची प्रत जपली होती, पण मागे येण्याची वाट ठेवली नव्हती.

विंडोज ७ काढून टाकणं हा खरा उपाय, पण हंगामाच्या ऐन मध्यावर काटा बंद ठेवून नाही. त्या मशीनवर विंडोज ११ बसणारही नव्हती. त्यासाठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप तिच्यात नाही.

उरला तो फर्मकडून दुरुस्ती करून घेण्याचा मार्ग. तिथं फर्म अडून बसली. डेव्हलपरचं म्हणणं, “एवढ्या जुन्या ब्राउझरसाठी आम्ही कोड का बदलायचा?” त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. जगातल्या प्रत्येक जुन्या मशीनसाठी कुणीच लिहू शकत नाही. पण या गिऱ्हाइकाच्या मुख्य केंद्रावर काय चालतं, हे फर्मला माहीत होतं. काटा जोडायला त्यांचाच माणूस आला होता. शिवाय नव्या सोयी कधी वापराव्यात याचा एक सर्वमान्य अंदाजही आता उपलब्ध आहे. सगळ्या मुख्य ब्राउझरांत सोय आल्यानंतर तीस महिने गेले की ती ‘सर्वदूर पोचलेली’ धरायची, अशी बेसलाइन नावाची पद्धत आहे. टूसॉर्टेडचे तीस महिने जानेवारी २०२६ ला भरतात, हॅजचे जून २०२६ ला. सप्टेंबर २०२४ मध्ये दोन्ही नवीच होती. मी हे मांडल्यावर फर्मचा आवाज मऊ झाला.

काय केलं

त्याच संध्याकाळी मोठ्या केंद्रावरच्या कॉम्प्युटरवरून पट्टी काढणं बंद केलं. त्या मशीनने फक्त वजन वाचायचं. पट्टीसाठी मुख्य कार्यालयातला एक लॅपटॉप आणला, मॅनेजरांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. वजन बघून हाताने भरायचं आणि दुसऱ्याने वहीशी ताडून सही करायची. काम मंद झालं, लोक कुरकुरले. पण मॅनेजरांनी दारात उभं राहून कारण सांगितलं, आणि सांगितल्यावर कुणी फार बोललं नाही.

फर्मने दुसऱ्या दिवशी दुरुस्ती दिली. यादीची नक्कल करून ती जुन्या पद्धतीने क्रमात लावायची, आणि चौकट जावास्क्रिप्टने उघडायची. दोन्ही मिळून काही ओळींचं काम.

खरा बदल मी वेगळा मागितला आणि त्यासाठी भांडलो. मॉइश्चरचा आकडा आधीपासून फॉर्ममध्ये होता. साडेचौदा लिहिलं आहे, तर अडीच टक्के कपात हे सर्व्हरला स्वतः काढता येतं. मग माणसाने टिक करावी, चौकट उघडावी, तीत टक्के भरावेत, हा सगळा खेळ कशाला? हिशेबाचा नियम पडद्यावरच्या चौकटीच्या भरवशावर असेल, तर उद्या ब्राउझर ताजा असूनही कपात सुटेल. एखादा माणूस नुसता विसरला तरी सुटेल. फर्मने आढेवेढे घेतले, आठवडा लावला, पण कपात सर्व्हरवर गेली. पट्टीवर आता मॉइश्चर आणि कपात या दोन ओळी नेहमी छापल्या जातात, कपात शून्य असली तरीही.

जादा गेलेल्या पैशांचं काय?

तांत्रिक भाग इथं संपला. अवघड भाग संचालक मंडळाच्या बैठकीत होता. मोठ्या केंद्रावरच्या साठ-सत्तर जणांना कपात न होता पैसे गेले होते. त्यातल्या काहींच्या खात्यांवर जमाही झाले होते.

एक मत असं की पुढच्या मालातून वळते करून घ्यावेत. व्यापारी तेच करतो. दुसरं मत, चूक कंपनीची, भुर्दंड कंपनीने सोसावा. तोपर्यंत थोरल्या भावाचा निरोप आला होता : “त्याची सोडली तर माझीबी सोडा.” त्याच्याकडून घेतलेली कपात नियमाने बरोबर होती. पण धाकट्याची सुटली आणि याची घेतली, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, त्या आठवड्यापुरती दोन्ही केंद्रांची कपात सगळ्यांनाच सोडा. खर्च जास्त होईल, पण एका बांधावरच्या दोघांना एकच हिशेब लागेल. मंडळाला ते परवडणारं वाटलं नाही. ठराव असा झाला की मोठ्या केंद्रावरच्या सर्वांना दुरुस्त पट्टी आणि कारण लिहिलेलं पत्र द्यायचं. ज्याला फरक पुढच्या मालात वळता करायचा आहे त्याने करावा, सक्ती नाही. उरलेली रक्कम कंपनीच्या खर्चात टाकायची. अजूनही मला वाटतं की माझा मार्ग बरा होता, पण ठराव उघड, कारणासह झाला हे मान्य करायला हवं.

निकाल

पत्र मिळाल्यावर बऱ्याच सभासदांनी फरक वळता करून दिला, काहींनी नाही. धाकट्या भावाने दिला. थोरल्याने उरलेला माल त्या हंगामात कंपनीला घातला नाही, लातूरच्या आडतीत नेला.

त्याच बैठकीत मॅनेजरांनी ऑपरेटरला समोर बोलावून, कुजबुज ज्यांनी केली त्यांच्या देखत, चूक त्याची नव्हती असं स्पष्ट सांगितलं आणि ते इतिवृत्तात लिहून घेतलं. तो आजही त्याच केंद्रावर आहे.

दिवाळीनंतर आवक ओसरली तेव्हा काट्याचं मशीन इंटरनेटपासून तोडलं. ते आता फक्त वजन दाखवतं आणि पावती छापतं. पट्टीसाठी शेजारी साधं नवं मशीन बसवलं. काटा बदलायचा खर्च टळला, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारी विंडोज ७ खातेक्रमांकांच्या पानापासून दूर झाली. हे पाऊल हंगामाच्या आधी, जून-जुलैमध्ये उचलता आलं असतं. दोनदा पुढे ढकललेला प्रश्न ‘काटा बदलायचा का’ असा मांडला गेला होता. काटा ठेवून ब्राउझर वेगळ्या मशीनवर नेता येतो, हे मंडळासमोर कुणी मांडलंच नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिलं म्हणजे तारीख. आवक सुरू व्हायच्या तोंडावर, शनिवारी रात्री, नवं व्हर्जन चढवायला कंपनीने परवानगी द्यायलाच नको होती. आता करारात ओळ आहे : सप्टेंबर ते दिवाळी नवं काही नाही, फक्त दुरुस्त्या. आणि नवं व्हर्जन आधी केंद्रावरच्या प्रत्यक्ष मशीनवर, एका कोरड्या आणि एका ओल्या मालाची पट्टी काढून बघायचं. ही ओल्या मालाची पट्टी महत्त्वाची. नुसतं पान उघडतं का बघितलं असतं, तर फायरफॉक्स त्या चाचणीत पहिल्या नंबराने पास झालं असतं.

‘गूगल क्रोममध्येच वापरावे’ ही ओळ काढून टाकली. इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा २००१ चा ब्राउझर. ‘एक्सप्लोररमध्येच उघडा’ म्हणणाऱ्या साइट त्याच्यामागे वर्षानुवर्षं अडकून राहिल्या. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोरर ११ बंद केलं, तरी जुन्या साइटसाठी एजमध्ये त्याची नक्कल २०२९ पर्यंत तरी ठेवावी लागणार आहे. ब्राउझरचं नाव लिहून जबाबदारी संपत नाही. या प्रकरणात तर क्रोमच वापरत होते आणि क्रोमच कोरं आलं. त्या ओळीच्या जागी आता किमान व्हर्जन लिहिलं आहे, आणि त्याहून जुनं व्हर्जन दिसलं की लॉगिनच होत नाही, मराठीत कारण दिसतं.

ब्राउझरच्या चांगल्या-वाईटपणाबद्दल मत असू नये असं मी म्हणत नाही. कमी रॅमच्या मशीनवर काय जड जातं, खासगीपणा कोण जास्त जपतं, महिन्याची चौकट कोण देत नाही, हे फरक खरे आहेत आणि त्यावर निवड करावी. पण तक्रार आली की मत बाजूला ठेवून चार गोष्टी लिहून घ्या, असं आता ताईंनी केंद्रांना सांगितलं आहे : मशीनवर कोणती विंडोज, ब्राउझरचं नाव आणि व्हर्जन, काय भरलं, काय दिसलं. ‘क्रोम चालत नाही’ एवढा मेसेज आला तर त्या उत्तर देत नाहीत, परत विचारतात.

एक प्रश्न कंपनीपुढे अजून शिल्लक आहे. छोट्या केंद्रावरचा लॅपटॉप विंडोज १० वर आहे, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आज तिथं ब्राउझर ताजा आहे आणि पट्ट्या बरोबर निघतात. विंडोज ७ वरही आधार संपल्यावर तीन वर्षं असंच चालत होतं. नवा लॅपटॉप घ्यायचा की आहे तोच ओढायचा, हा विषय मी मंडळाकडे लेखी दिला आहे, पुढच्या आवकेआधी ठरवा असं लिहून.